बडोद्याचे काका, मामा, अण्णा

बेळगावहून बडोद्याला जायचे तर म्हैसूर-अजमेर गाडी सोयीची. एकदा जागेवर बसले की मिरज, पुणे, सुरत करत ती थेट बडोद्यात उतरवते. मध्ये गाडी बदलायची कटकट नाही. माझी धाकटी बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता तीस वर्षे झाली. दर वेळी तिचा फोन येतो, "दादा, येताना कुंदा आण, आणि वहिनीला सांग, धारवाडचा पेढा विसरू नको." गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे गेलो तेव्हाही पिशवीत हे दोन डबे होतेच. आमच्या सौ. धारवाडच्या, माहेरची भाषा कानडी. त्यामुळे गाडीत बसल्यापासून घरी परत येईपर्यंत आमचे बोलणे नेहमीप्रमाणे अर्धे मराठी, अर्धे कानडी. सीमाभागातल्या वाचकांना हे काही नवे नाही.

बडोद्यात मराठी माणसाला परके वाटत नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात अजून मराठी पाट्या दिसतात, मराठी आडनावे तर पावलोपावली. मात्र तिथल्या मराठीला गुजराती वळण लागले आहे. बहिणीच्या सासूबाई "भाजी समारून ठेव" म्हणाल्या तेव्हा आमच्या सौ. जरा गोंधळल्या. भाजी चिरून ठेव, एवढाच त्याचा अर्थ. नाश्त्याला सेव उसळ आली. आपल्या मिसळीची ही गुजरातेत राहायला गेलेली बहीण. रस्सा तिखट, वर भरपूर शेव आणि सोबत पाव. आपल्याकडे कानडी मुलखात राहून मराठी माणूस जसा भाकरीबरोबर एण्णेगाई खायला शिकला, तसेच हेही.

मला या वेळी शहर नीट बघायचे होते. इतकी वर्षे येऊन लक्ष्मीविलास राजवाडा, कमाटीबाग आणि सूरसागर यापलीकडे मी काही पाहिले नव्हते. भाचा विद्यापीठात शिकतो. तो म्हणाला, "मामा, उद्या मी तुम्हाला फिरवतो. पण आज रात्री माझी एक मैत्रीण जेवायला येणार आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय."

"माझ्याशी? कशाबद्दल?"

"तुम्ही तीस वर्षं पेपरात काम केलंत ना, त्याबद्दल."

मुलगी आली. विशीतली, डोक्यावर साधी ओढणी, बोलणे हळू. ती बाहेरच्या देशातून इथे शिकायला आलेली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अशी बरीच परदेशी मुले येतात. तिचे नाव मी लिहीत नाही, देशही लिहीत नाही. ती कुठल्या वर्गात आहे तेही सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. तिला पत्रकार व्हायचे आहे, आणि तिच्या देशात सरकारला न आवडणारी बातमी छापली तर वर्तमानपत्र बंद होते आणि माणूस तुरुंगात जातो, एवढे सांगितले तरी पुरे.

जेवण झाल्यावर तिने हिंदीत विचारले, "इथे सगळे मला बातमी कशी लिहायची ते शिकवतात. शीर्षक कसं द्यायचं, मुलाखत कशी घ्यायची, सगळं. पण परत गेल्यावर ती लिहायची की नाही, आणि लिहिली तर नाव घालायचं की नाही, हे कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल?"

खरे सांगतो, मला लगेच उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "उद्या आमच्याबरोबर फिरायला ये. बघू."

दांडिया बाजारातले घर

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे निघालो. विद्यापीठाच्या कला शाखेची इमारत, म्हणजे पूर्वीचे बडोदा कॉलेज, आधी लागते. तिचा घुमट बघितला की आपल्याला विजापूरचा गोलघुमट आठवतो. आमच्या सौ. तर लगेच म्हणाल्या, "नम्म गोलगुंबज!" याच कॉलेजात अरविंद घोष फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत.

तिथून दांडिया बाजारात गेलो. इथे श्रीअरविंद निवास आहे. खासेराव जाधव या मराठी गृहस्थांच्या या घरात अरविंद बडोद्यातल्या मुक्कामात राहत असत. आत शांतता असते, लोक ध्यानाला बसतात. आम्हीही थोडा वेळ बसलो. पण मला त्या मुलीला दाखवायचे होते ते योगी अरविंद नव्हते. मला दाखवायचा होता तो वीस-एकवीस वर्षांचा, विलायतेतून नुकताच आलेला, नोकरीला लागलेला मुलगा.

बाहेर पायरीवर बसून मी तिला ती गोष्ट सांगितली. १८९३ साली अरविंद हिंदुस्थानात परतले आणि बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. त्यांचे केंब्रिजचे मित्र केशवराव गणेश देशपांडे तेव्हा मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या मराठी-इंग्रजी पत्राची इंग्रजी बाजू सांभाळत. त्यांनी या मित्राला लिहायला सांगितले. ७ ऑगस्ट १८९३ पासून लेखमाला सुरू झाली. जुन्यांच्या जागी नवे दिवे, अशा अर्थाचा तिचा मथळा. अर्जविनंत्यांवर चाललेल्या त्या वेळच्या काँग्रेसवर तिच्यात सडकून टीका होती.

लेखांवर नाव नव्हते. लिहिणारा संस्थानाच्या नोकरीत, आणि छापणारे पत्र ब्रिटिश मुलखात. तिथे १८७० पासून राजद्रोहाचे १२४ अ हे कलम लागू होते. लेख इतके जहाल निघाले की न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले. असेच चालू राहिले तर खटला होईल, असे त्यांचे म्हणणे. मालक घाबरले. देशपांड्यांनी मित्राला सूर खाली आणायला सांगितले. अरविंदांनी आणला, पण त्यात त्यांचे मन रमेना. मार्च १८९४ मध्ये लेखमाला थांबली.

मुलगी म्हणाली, "म्हणजे ते घाबरले?"

भाचा म्हणाला, "मालक घाबरले."

मी म्हटले, "मालकांना दोष देणं सोपं आहे. छापखाना त्यांचा होता, कामगार त्यांचे होते. पुढची गोष्ट ऐक. १९०६ साली अरविंद बडोदं सोडून कलकत्त्याला गेले, 'वंदे मातरम्' पत्रात लिहू लागले. १९०७ साली त्या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. संपादक कोण हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, अरविंद सुटले. पण शिक्षा झालीच. कोणाला माहीत आहे? मुद्रकाला. त्याचं नाव छापलेलं होतं म्हणून तो तुरुंगात गेला. आणि अरविंदांविरुद्ध साक्ष द्यायला नकार दिला म्हणून बिपिनचंद्र पाल सहा महिने आत गेले."

ती बराच वेळ काही बोलली नाही.

एका बातमीची किंमत

मग मी तिला माझीच एक गोष्ट सांगितली. घरच्यांनाही ती पूर्ण ठाऊक नव्हती.

सुरुवातीच्या काळात मी एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. एका गावात रेशनचे रॉकेल परस्पर विकले जात होते. मी पुरावे गोळा केले, बातमी दिली. "आमच्या वार्ताहराकडून" एवढेच वर छापून आले. मला वाटले, नाव नाही म्हणजे आपण सुरक्षित. तसा मी सुरक्षितच राहिलो. पण त्या गावात अंक वाटायला जो पोरगा जायचा, पंधरा-सोळा वर्षांचा, त्याला लोकांनी चावडीमागे गाठून मारले. "तूच सांगितलंस," म्हणाले. त्याचे दोन दात गेले. वडिलांनी त्याची शाळा सोडवून त्याला गोव्याला कामाला पाठवले.

मी महिनाभर त्या गावाकडे फिरकलो नाही. पुढे गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला, एक शब्द वाकडा बोलली नाही. तो चहा मला अजून आठवतो. बातमी खरी होती, दुकानाचा परवानाही रद्द झाला. आज पुन्हा वेळ आली तर मी ती बातमी देईनच. पण आधी त्या मुलाच्या घरी जाऊन सांगेन की असे असे छापून येणार आहे, या आठवड्यात त्याला पाठवू नका. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कोणी शिकवली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती.

आमच्या सौ. माझ्याकडे बघत राहिल्या. "इष्टु वर्ष हेळलिल्ल," एवढेच म्हणाल्या. इतकी वर्षे सांगितले नाहीत.

मांडवीची लायब्ररी

दुपारी आम्ही मांडवीकडे गेलो. तिथली सेंट्रल लायब्ररी बघण्यासारखी आहे. सयाजीराव महाराजांनी आधी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सबंध राज्यात. मग शिकलेल्या लोकांनी वाचायचे काय, म्हणून अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून १९१० पासून गावोगाव वाचनालये काढली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. ग्रंथालयांसाठी एक नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांना काचेची जमीन. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत यावा म्हणून ही योजना.

मराठी पत्रकारितेलाही या संस्थानात जागा मिळाली. दामोदर सावळाराम यंदे यांनी इथून 'बडोदे वत्सल' आणि 'श्रीसयाजी विजय' चालवले. भगवंतराव पाळेकरांनी १९१७ साली 'जागृति' हे साप्ताहिक काढले आणि स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालवले. दोघेही सत्यशोधक विचारांचे. बहुजन समाजातल्या मुलाने शिकावे, त्याने आपले म्हणणे स्वतः मांडावे, हा त्यांचा ध्यास. पाळेकरांना तर लोक 'जागृतिकार' म्हणूनच ओळखत.

पण बडोदे म्हणजे मोकळे रान होते असेही नाही. ब्रिटिशांचा छापखान्याचा कायदा १९१० साली आला. नवा छापखाना काढायचा तर पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवा, आणि सरकारला न रुचणारे छापले तर तो जप्त. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. संस्थानात राज्य महाराजांचे, पण डोक्यावर रेसिडेंट बसलेला असे. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला एकदाच मुजरा केला आणि पाठ फिरवून गेले, म्हणून विलायती वर्तमानपत्रांनी केवढे तरी काहूर माजवले. त्यानंतर बडोद्यावरची नजर आणखी कडक झाली. गुजराती लेखक नरसिंहभाई पटेल यांना त्यांच्या क्रांतिकारक लिखाणापायी राज्य सोडावे लागले. पुढे जर्मनी, मग पूर्व आफ्रिका असा त्यांचा प्रवास झाला.

आणि याच नजरेखाली एक शाळा बंद पडली. तिची गोष्ट मला त्या मुलीला सांगायची होती.

साहेब आणि त्यांचे घर

'इंदुप्रकाश'चे ते केशवराव देशपांडे पुढे बडोद्याच्या नोकरीत आले. बंगालच्या फाळणीनंतर राष्ट्रीय शिक्षणाची लाट आली, तेव्हा त्यांनी मित्रांच्या मदतीने 'गंगनाथ भारतीय सर्व विद्यालय' उभे केले. नर्मदेकाठी चांदोदजवळच्या गंगनाथ महादेवाचे नाव त्याला दिले. १९१० साली इथे एक पंचविशीचा मास्तर आला. तो आपल्या बेळगावचा.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. जन्म साताऱ्याचा, १८८५ सालचा, मूळ गाव सावंतवाडीजवळचे कालेली. पण वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे बालपण गेले ते कारवार, बेळगाव, धारवाड या आपल्याच मुलखात. बेळगुंदीची माती त्यांच्या पायाला लागलेली. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर त्यांनी बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवले, मग मुंबईच्या 'राष्ट्रमत' या राष्ट्रीय मताच्या मराठी दैनिकात संपादकीय काम केले, आणि तिथून ते बडोद्याला आले.

देशपांड्यांनी या शाळेत एक पद्धत पाडली. शिक्षक आणि विद्यार्थी हे एक घर समजायचे. म्हणून प्रत्येकाला नात्याचे नाव. स्वतः देशपांडे 'साहेब'. कालेलकर झाले 'काका'. कोकणातले विठ्ठल लक्ष्मण फडके झाले 'मामा'. दक्षिणेकडचे हरिहर शर्मा झाले 'अण्णा'. आपल्या घरांत मराठी मूलही अण्णा म्हणते आणि कानडी मूलही. तेव्हा हे नाव ऐकून आमच्या सौ.ना फार बरे वाटले.

१९१२ साली सरकारी दडपणामुळे शाळा बंद करावी लागली. दोनच वर्षे काका तिथे होते. हिशेब मांडला तर काय उरले? इमारत नाही, पदवी नाही, नोकरी नाही.

उरली ती नाती. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या मंडळींबद्दल लिहिले आहे. शाळा मोडली, पण यांनी आपले नाते मोडले नाही आणि नावेही टाकली नाहीत, असा त्याचा आशय. काका हिमालयात पायी फिरले, १९१३ मध्ये आचार्य कृपलानींबरोबर ब्रह्मदेशात जाऊन आले. त्या वेळी लोकमान्य टिळक त्याच देशात, मंडालेच्या तुरुंगात, 'केसरी'तल्या लेखांबद्दलची शिक्षा भोगत होते. १९१५ साली काका शांतिनिकेतनात गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले. मामा फडके गोध्र्याच्या आश्रमात गेले आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य घालवले. अण्णा शर्मा मद्रासकडे हिंदी प्रचारात रमले. काकांचे 'राष्ट्रमत'पासूनचे मित्र स्वामी आनंद यांनी 'नवजीवन'चा छापखाना सांभाळला.

आणि मग पुन्हा तोच खेळ. मार्च १९२२ मध्ये 'यंग इंडिया'तल्या लेखांसाठी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात कोण उभे होते? मुद्रक शंकरलाल बँकर. गांधीजी आत गेल्यावर 'नवजीवन'चे काम काकांकडे आले आणि १९२३ साली काकाही राजद्रोहाखाली साबरमतीच्या तुरुंगात गेले. तिथल्या कोठडीसमोरच्या भिंती, खारी, कावळे, मुंग्या यांवर त्यांनी गुजरातीत 'ओतराती दीवालो' हे सुंदर पुस्तक लिहिले. बेळगावच्या मुशीत वाढलेल्या या माणसाला गांधीजी 'सवाई गुजराती' म्हणत.

शिकवायचे ते काय?

लायब्ररीतून बाहेर पडून आम्ही चहा घेत होतो. भाच्याने आजच्या गोष्टी काढल्या. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत आशिया-आफ्रिकेतल्या पत्रकारांसाठी विकास पत्रकारितेचा अभ्यासक्रम गेल्या शतकाच्या साठीच्या दशकाअखेर सुरू झाला. ब्रह्मदेशातून परागंदा झालेल्या तरुणांनी १९९८ साली दिल्लीत 'मिझिमा' ही वृत्तसंस्था काढली. इथे राहून त्यांनी आपल्या देशाच्या बातम्या जगाला दिल्या. २०१२ साली ते मायदेशी परतले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि मार्चमध्ये 'मिझिमा'सह पाच माध्यमसंस्थांचे परवाने रद्द झाले. नऊ वर्षांत पुन्हा पहिल्या घरात.

"आणि आपण?" मुलीने हळूच विचारले. पाहुणी म्हणून तिने "तुम्ही" न म्हणता "आपण" म्हटले, हे माझ्या लक्षात आले.

आपणही काही फार वर नाही. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत भारत १५१ वा. टिळकांना, गांधीजींना, काकांना ज्या कलमाखाली आत टाकले, त्या १२४ अ ला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली. जुने कलम गेले, पण त्याच्या जागी आलेल्या १५२ कलमाबद्दल वकिलांचे वाद चालू आहेत. दुसऱ्याच्या घराला गळती आहे म्हणताना आपल्या कौलांकडेही बघावे लागते.

मग मी तिला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. उत्तर कसले, दिवसभर फिरून मला जे वाटले ते सांगितले.

"बातमी लिहायची की नाही, हे तुझ्या वतीनं मी ठरवू शकत नाही. मी इथं बेळगावात बसून तुला शूर हो म्हणणं सोपं आहे, किंमत तू देणार. पण लिहायचं ठरवलंस तर दोन गोष्टी आधी कर. तुझ्याखेरीज तिची किंमत कोण देणार, ते शोध. छापणारा, वाटणारा, माहिती देणारा, घरचा धाकटा भाऊ. त्यांना विचारल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. नाव घालायचं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. आणि दुसरं, एकटी राहू नकोस. अरविंदांच्या मागे देशपांडे होते, काकांच्या मागे मामा आणि अण्णा होते. शाळा सरकारला बंद करता आली, पण कोण कोणाला काका म्हणतो, हे काही त्याला ठरवता आलं नाही."

भाचा म्हणाला, "मामा, हे आमच्या अभ्यासक्रमात घालायला पाहिजे."

मी म्हटले, "अभ्यासक्रमात घातलं की परीक्षेपुरतं पाठ होईल. देशपांडे साहेबांनी मुलांबरोबर घर केलं होतं."

मला तेव्हा मनापासून वाटले की परदेशातल्या मुलांना आपण पत्रकारिता शिकवतो, शिष्यवृत्ती देतो, प्रमाणपत्र देतो, ते चांगलेच आहे. पण ती मुले विमानात बसली की आपले काम संपले असे समजतो. खरे तर त्यांची परीक्षा तिथून पुढे सुरू होते. त्या वेळी फोन करायला, "काल कुठे होतीस?" असे विचारायला कोणी आहे का? हे ज्यांनी विचारायचे ते शिक्षक, आणि शिक्षकांना जमले नाही तर ज्या घरांनी त्यांना जेवू घातले ती घरे.

ऊटा आतेनु?

निघायच्या आदल्या रात्री ती पुन्हा जेवायला आली. आमच्या सौ.नी धारवाडी पद्धतीची ज्वारीची भाकरी थापली होती. सकाळपासून त्यांनी बहिणीला पीठ शोधायला दोन दुकाने फिरवले होते. मुलगी स्वयंपाकघरात त्यांच्या शेजारी पाटावर बसली. भाच्याप्रमाणे ती मला "मामा" म्हणू लागलीच होती. सौ.ना काय म्हणायचे ते तिला कळेना. त्या म्हणाल्या, "अक्का म्हण. अक्का म्हणजे मोठी बहीण."

"पण तुम्ही माझ्या आईपेक्षा मोठ्या आहात."

"असू दे. मामा कुठं तुझा सख्खा मामा आहे?"

सगळे हसले. भाकरी भाजता भाजता सौ.नी तिला एक वाक्य शिकवले. आपल्याकडे कोणी भेटले की पहिला प्रश्न तोच. "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवण झाले का? आणि त्याचे उत्तर, "आत्री." झाले हो.

ते तिने चार-पाच वेळा म्हणून पाहिले. "आ"वर जोर कमी पडत होता. सौ.नी दुरुस्त केला. मग त्या सहज म्हणाल्या, "तू घरी गेलीस की दर रविवारी मी तुला एवढंच विचारीन. तू एवढंच उत्तर दे. जास्ती काही लिहू नकोस. तिकडं कोणी वाचलं तरी काय कळणार आहे?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. तीस वर्षे वर्तमानपत्रात काढून मला जे सुचले नाही, ते त्यांना भाकरी उलटताना सुचले होते.

उन्हाळ्यात मुलगी मायदेशी गेली. ती काय लिहिते, कुठे लिहिते, ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही. दर रविवारी दुपारी आमच्या सौ. चष्मा लावून मोबाइलवर रोमन अक्षरांत ते एक वाक्य टाकतात. संध्याकाळपर्यंत उत्तर येते. मग त्या मोबाइल खाली ठेवतात आणि चहाला आधण ठेवतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी उत्तर आले नाही. रात्री नऊ वाजले, दहा वाजले. सौ. जेवल्या नाहीत. मी "नेटवर्क नसेल" म्हटले, पण माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. त्या चावडीमागच्या मुलाची आई माझ्या डोळ्यांपुढे येत होती. सोमवारी सकाळी भाच्याला फोन केला, त्यालाही काही ठाऊक नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास मोबाइल वाजला. सौ.नी ओल्या हातानेच उचलला आणि मला दाखवला. एकच शब्द होता, आणि पुढे तिने स्वतःहून जोडलेला दुसरा.

"आत्री, अक्का."